किनारा कोणाचा? ब्रायटन ते ईस्टबर्न, बसच्या वरच्या मजल्यावरून

१/ दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात ब्रायटन ते ईस्टबर्न अशी १२ क्रमांकाची दुमजली बस धावते. अंतर सुमारे ३५ किलोमीटर. वरच्या मजल्यावर उजवीकडची पहिली जागा मिळाली, तर बराच वेळ समुद्र सोबतीला असतो. आजच्या धाग्यात आपण याच बसने दिवसभर हिंडणार आहोत. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारायचा: हा किनारा कोणासाठी होता?

२/ हा प्रश्न आज विचित्र वाटेल. समुद्र सर्वांचा, पुळण सर्वांची, असे आपण गृहीत धरतो. परंतु समुद्रकाठी विरंगुळ्यासाठी जाणे ही कल्पना जेमतेम पावणेतीनशे वर्षांची आहे. आधी ती रोग्यांची होती, मग राजपुत्राची झाली, मग मध्यमवर्गाची आणि सर्वांत शेवटी कामगारांची. प्रत्येक वेळी नव्या माणसांसाठी दार उघडले, तेव्हा आधीपासून आत असलेल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. काहींना तर दाराबाहेरच उभे राहावे लागले. त्यांत आपली माणसेही होती.

३/ पहिला थांबा ओल्ड स्टीन, ब्रायटन. आज येथे कारंजे आहे, बसची वर्दळ आहे. एके काळी या मोकळ्या जागेत कोळी आपली जाळी वाळत घालीत. गावाचे जुने नाव ब्राइटहेल्मस्टन. गावकऱ्यांना समुद्र ठाऊक होता तो पोट भरणारा आणि घर बुडवणारा म्हणून. १५१४ साली फ्रेंचांनी समुद्रमार्गे येऊन गाव जाळले. १७०३ आणि १७०५ च्या वादळांनी किनाऱ्यालगतच्या वस्तीची वाताहत केली. अशा पाण्याकडे मौजेने पाहत बसावे, असे कोणाच्या मनात येणार?

४/ ते मनात आणून दिले एका डॉक्टराने. लुईस गावच्या रिचर्ड रसेल यांनी १७५० साली ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. दोन वर्षांत त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. समुद्रात बुडी मारा आणि समुद्राचे पाणी प्यासुद्धा, असा त्यांचा सल्ला होता. श्रीमंत रोग्यांची रीघ लागली आणि डॉक्टरांनी आपले बिऱ्हाड ब्रायटनलाच हलवले. समुद्रस्नानाचा आरंभ असा औषधाच्या चिठ्ठीवर झाला.

५/ स्नानाची रीतही औषधोपचारासारखीच शिस्तीची होती. रोगी चाकांच्या लाकडी खोपटात कपडे बदलत असे. घोडा ते खोपटे पाण्यात ओढून नेई आणि मग खाली उभी असलेली धिप्पाड कोळीण त्याला धरून गार लाटेत बुचकळून काढी. मार्था गन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना हा नवा रोजगार मिळाला. पिढ्यान्पिढ्या ज्या पाण्याशी झुंजले, त्याच पाण्यात आता ते पैसे घेऊन उमरावांना बुडवू लागले.

६/ १७८३ साली येथे एकवीस वर्षांचा एक तरुण आला: प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा चौथा जॉर्ज. वडिलांच्या कडक दरबारापासून दूर असलेले हे गाव त्याला आवडले. आधी साधे घर, मग हवेली आणि शेवटी वास्तुविशारद जॉन नॅश यांच्या हातून १८१५ ते १८२२ या काळात उभा राहिलेला रॉयल पॅव्हिलियन. बाहेरून हिंदुस्थानी घुमट आणि मनोरे, आतून चिनी सजावट. हिंदुस्थानात कधीही न आलेल्या राजाने इंग्लंडच्या किनाऱ्यावर बांधवून घेतलेले हे त्याच्या कल्पनेतले हिंदुस्थान. हे घुमट ध्यानात ठेवा. पुढे त्यांच्याकडे परत यायचे आहे.

७/ त्याच सुमारास खऱ्या हिंदुस्थानातला एक माणूस येथे आपला व्यवसाय थाटून होता. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्यास झाला. कंपनीच्या बंगाल फौजेत नोकरी करून ते आयर्लंडला गेले. १७९४ साली त्यांनी आपले प्रवासवर्णन छापले. भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे उपाहारगृह काढले, परंतु ते चालले नाही. १८१४ मध्ये ते ब्रायटनला आले आणि औषधी वाफेचे स्नान व अंगमर्दन सुरू केले.

८/ या अंगमर्दनाला ते ‘शाम्पूइंग’ म्हणत. हा शब्द चांपणे, दाबणे या अर्थाच्या हिंदी क्रियापदावरून आला. आपली चंपी त्याच कुळातली. बाटलीतला शाम्पू डोक्याला लावताना ब्रायटनच्या या पाटणेकराची आठवण ठेवायला हरकत नाही. ते चौथ्या जॉर्जचे आणि त्याच्यामागून आलेल्या चौथ्या विल्यमचे ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. १८५१ साली त्यांचे निधन झाले. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे थडगे आहे.

९/ १८४१ साली लंडन-ब्रायटन रेल्वे सुरू झाली आणि सगळे चित्र पालटले. पूर्वी घोडागाडीने दिवसाचा मोठा भाग खाणारा प्रवास आता दोन-अडीच तासांवर आला. १८०१ मध्ये सुमारे ७ हजार वस्तीचे हे गाव १८५१ पर्यंत सुमारे ६५ हजारांचे शहर झाले. राणी व्हिक्टोरियाला ही गर्दी रुचली नाही. तिने येथे येणे सोडले, आणि १८५० साली पॅव्हिलियन नगराने ५३ हजार पौंडांना विकत घेतले. राजाचा विलासमहाल नागरिकांच्या मालकीचा झाला.

१०/ गर्दीची किंमत कधी प्राणांनीही चुकवावी लागली. २५ ऑगस्ट १८६१, रविवार. ब्रायटनहून लंडनकडे निघालेल्या गाड्यांत थोड्या थोड्या मिनिटांचेच अंतर होते. क्लेटनच्या बोगद्यात सिग्नलचा गोंधळ झाला आणि एक गाडी दुसरीवर आदळली. २३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत स्वस्त सहलीच्या गाडीने आलेली साधी माणसे होती. दिवसभर समुद्र पाहून ती घरी परतत होती.

११/ रेल्वेने वाट दिली, पण कामगाराला सवड कोठून मिळावी? खासदार जॉन लबक यांच्या प्रयत्नांतून १८७१ साली बँक हॉलिडे कायदा झाला. इंग्लंडला कायद्याने चार सोमवार-सणांच्या सुट्ट्या मिळाल्या. त्यांतला ऑगस्टमधला सोमवार तर थेट समुद्राचाच ठरला. आता पिअर उभे राहिले. पिअर म्हणजे लोखंडी खांबांवर पेललेला, समुद्रात दूरवर शिरलेला फिरण्याचा धक्का. बोटीत न बसता, पाय न भिजवता, काही पेन्यांत समुद्रावर उभे राहण्याची ही सोय होती. १८६६ चा वेस्ट पिअर १९७५ साली बंद पडला आणि २००३ च्या आगींनंतर त्याचा नुसता सांगाडा उरला. १८९९ चा पॅलेस पिअर मात्र अजून दिव्यांनी उजळतो.

१२/ बस सुटण्यापूर्वी पुळणीवर दोन क्षण थांबू. पुळण म्हणायची खरी, पण येथे वाळू जवळजवळ नाहीच. सगळे गोटे आहेत, लाट मागे सरताना ते खळखळतात. १९०९ साली याच किनाऱ्यावर विनायक दामोदर सावरकर बसले होते. त्या वर्षीच्या जुलैत मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या होत्या. लंडनमधले वातावरण तापले होते, सावरकरांना राहायला जागा मिळणे अवघड झाले होते. तेथे त्यांनी सागराला उद्देशून लिहिलेली कविता महाराष्ट्रात आज मुलामुलांना पाठ असते. इतरांना विरंगुळा देणारा हा समुद्र त्यांच्यासाठी मायदेशापासून तोडणारे अंतर होता.

१३/ त्यानंतर पाचच वर्षांनी हजारो हिंदी माणसे याच शहरात आली. पहिले महायुद्ध पेटले होते. हिंदी फौजेच्या लाहोर आणि मेरठ या तुकड्या फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर लढत होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल गावावर झालेल्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकी छावणीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या होत्या. सुरुंग आणि पूल यांचे काम करणारे हे लोक त्या दिवशी बंदुका-संगिनी घेऊन पायदळासारखे लढले आणि त्यांची भयंकर हानी झाली. अशा लढायांतले जखमी सैनिक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणले जात.

१४/ डिसेंबर १९१४ मध्ये रॉयल पॅव्हिलियनचे रूपांतर हिंदी सैनिकांच्या रुग्णालयात झाले. झुंबरांखाली खाटा लागल्या. धर्म आणि जाती यांचे नियम सांभाळण्यासाठी नऊ स्वयंपाकघरे उघडली, हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे केले. ब्रायटनमधल्या तीन ठिकाणी मिळून सुमारे १२ हजार हिंदी सैनिकांवर उपचार झाले. खाटांवरच्या सैनिकांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून सर्वत्र पसरवली गेली: पाहा, साम्राज्य आपल्या शिपायांची कशी काळजी घेते! ऑगस्ट १९१५ मध्ये पंचम जॉर्ज यांनी पॅव्हिलियनच्या हिरवळीवर जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस प्रदान केला.

१५/ छायाचित्रांत न दिसणारी दुसरी बाजूही होती. शहरातल्या जुन्या अनाथ-दरिद्री निवासाच्या इमारतीत किचनर रुग्णालय उघडले होते. तेथे भिंतींवर काटेरी तारा आणि दारांवर पहारे होते. बरे होत आलेल्या शिपायांनी गावात मोकळे फिरू नये, इंग्रज स्त्रियांशी त्यांची ओळख वाढू नये, ही अधिकाऱ्यांची धास्ती होती. सैनिकांच्या घरच्या पत्रांवर तपासनिसांची नजर असे. इंग्लंडसाठी रक्त सांडलेल्या माणसाला इंग्लंडच्या किनाऱ्यावर हिंडण्यासाठी मात्र परवानगी लागत होती. काही मैलांवर बँडच्या तालावर चालणारी नेहमीची माणसे होती आणि येथे खिडकीतून दिसेल तेवढाच समुद्र होता.

१६/ येथे मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांना शहराच्या उत्तरेस, पॅचम गावामागच्या टेकाडावर अग्नी दिला गेला. मुसलमान सैनिकांचे दफन सरे परगण्यातल्या वोकिंग येथे झाले. दहनभूमीच्या जागी संगमरवरी छत्री उभारली गेली. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. वानवडीची शिंद्यांची छत्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. इंग्रजांनीही त्या स्मारकाचे नाव ‘छत्री’च ठेवले.

१७/ मात्र त्या टेकाडावर त्या माणसांची नावे नव्हती. ती कोरलेली शिळा छत्रीशेजारी २०१० साली आली. मधे ८९ वर्षे गेली. आपली बस पूर्वेला जाणारी आहे. छत्रीला जायचे तर उत्तरेकडची वाट धरून शेवटचा चढ पायी चढावा लागतो. पण ब्रायटनला जाणाऱ्या मराठी वाचकाने अर्धा दिवस राखून ठेवावा. दरवर्षी जूनमध्ये तेथे अभिवादनाचा कार्यक्रम होतो. टेकाडावरून खाली पाहिले की शहर दिसते आणि शहरापलीकडे समुद्र.

१८/ आता बस पूर्वेकडे निघाली. उजव्या हाताला, खाली किनाऱ्यालगत एक चिमुकली रेल्वे दिसेल. मॅग्नस व्होल्क यांनी १८८३ साली सुरू केलेली ही विजेची रेल्वे आजही उन्हाळ्यात धावते. याच व्होल्कनी १८९६ साली त्याहून अचाट प्रयोग केला. भरतीच्या पाण्यात रूळ घातले आणि उंच लोखंडी पायांवर उभा असलेला एक डबा समुद्रातून थेट रॉटिंगडीनपर्यंत चालवला. उद्घाटनानंतर आठवडाभरात वादळाने त्याची मोडतोड केली. दुरुस्ती होऊन तो पुन्हा चालला, १९०१ मध्ये कायमचा थांबला. जेथून तो जात होता, त्याच्याच वरून आज आपली बस जाते आहे.

१९/ रॉटिंगडीन. अठराव्या शतकात हे चोरट्या मालाच्या व्यापाऱ्यांचे गाव होते. पुढे कलावंतांचे झाले. १८९७ पासून १९०२ पर्यंत येथे रुडयार्ड किपलिंग राहत होते. जन्म मुंबईचा, १८६५ चा, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. कीर्ती पसरली तशी ब्रायटनहून घोड्यांच्या दुमजली बस भरून माणसे येऊ लागली आणि वरच्या मजल्यावरून कुंपणापलीकडच्या लेखकाला न्याहाळू लागली. या त्रासाला कंटाळून किपलिंग आतल्या भागातल्या घरी निघून गेले. बसचा वरचा मजला ही साधी गोष्ट नाही. भिंतीआडचे जग त्याने सामान्य माणसाच्या नजरेच्या टप्प्यात आणले.

२०/ पुढे सॉल्टडीन. रस्त्यालगत जहाजासारखी गोलाकार पांढरी इमारत दिसते. तो १९३८ साली उघडलेला सार्वजनिक जलतरण तलाव. त्याच वर्षी संसदेने पगारी रजेचा कायदा केला आणि कामगाराला पगार न बुडता आठवडाभराची सुट्टी मिळावी, या मागणीला सरकारी मान्यता मिळाली. कायद्याची खरी फळे युद्धानंतरच दिसली. १९४० साली जर्मन स्वारीच्या भीतीने हा सगळा किनारा बंद झाला. गोट्यांच्या पुळणीवर काटेरी तारा आणि सुरुंग आले, पिअर मधोमध तोडले गेले. पंचवीस वर्षांपूर्वी हिंदी शिपायांनी पाहिलेली काटेरी तार आता इंग्रज आणि त्याचा समुद्र यांच्या मधे उभी राहिली.

२१/ सॉल्टडीनचा हा तलाव पुढे मोडकळीला आला, पाडण्याच्या गोष्टी निघाल्या. स्थानिक रहिवाशांनी चळवळ करून तो वाचवला आणि २०१७ साली तो पुन्हा पोहणाऱ्यांसाठी खुला झाला. सार्वजनिक जागा मिळवावी लागते हे खरे. मिळाल्यावर ती राखावीही लागते.

२२/ पीसहेवन. येथे इतिहास थोडा खट्याळ होतो. चार्ल्स नेव्हिल नावाच्या जमीन-व्यापाऱ्याने १९१६ साली नव्या गावाला नाव सुचवण्याची स्पर्धा लावली. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून असंख्य लोकांना भूखंड ‘फुकट’ दिले, पण दस्तऐवजाच्या खर्चापोटी प्रत्येकी तीन गिनी मागितल्या. प्रकरण न्यायालयात गेले. व्हायची ती जाहिरात होऊन गेली. युद्धावरून परतलेल्या अनेकांनी येथे लहान घरे बांधली. अभिजनांनी नाके मुरडली: कड्यावरचा निसर्ग या खुराड्यांनी बिघडवला म्हणे. पण ज्यांनी आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले, त्यांच्यासाठी ती समुद्राकडे उघडणारी स्वतःची खिडकी होती.

२३/ येथून शून्य रेखावृत्त इंग्लंडची भूमी सोडून समुद्रात उतरते. कड्यावर १९३६ चे स्मारक आहे, पंचम जॉर्ज यांच्या स्मरणार्थ. पृथ्वीचे पूर्व आणि पश्चिम गोलार्ध बस एका क्षणात ओलांडते. ही काल्पनिक रेघ १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने जगाची मूळ रेखा म्हणून स्वीकारली. आपल्या घड्याळातले साडेपाच तास याच रेघेपासून मोजलेले आहेत.

२४/ न्यूहेवन हे गाव सहलीचे कमी, वाहतुकीचे जास्त. येथून फ्रान्सच्या दिएपला बोटी जातात. मार्च १८४८ मध्ये उलट दिशेने एक प्रवासी आला. नाव विचारले तर ‘मिस्टर स्मिथ’. तो होता क्रांतीने पदच्युत झालेला फ्रान्सचा राजा लुई फिलीप. पहिल्या महायुद्धात या बंदरातून आघाडीवर दारूगोळा आणि रसद गेली. किनारा म्हणजे केवळ खुर्ची टाकून बसण्याची जागा नव्हे, ती देशाची सरहद्दही असते, हे येथे कळते.

२५/ सीफर्डच्या पुळणीवर एक बुटका, जाडजूड बुरूज आहे. नेपोलियनच्या स्वारीच्या धास्तीने बांधलेल्या मार्टेलो बुरुजांच्या रांगेतला हा ७४ वा आणि शेवटचा. आज त्यात वस्तुसंग्रहालय आहे. १९१५ साली सीफर्डच्या लष्करी तळावर कॅरिबियन बेटांवरचे स्वयंसेवक आले आणि ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट उभी राहिली. थंडीने आणि आजारांनी त्यांतले काही आघाडी पाहण्याआधीच गेले. त्यांची थडगी गावच्या दफनभूमीत आहेत. सव्वीस-सत्तावीस किलोमीटरच्या पट्ट्यात हिंदुस्थान आणि कॅरिबियन, साम्राज्याची दोन टोके इंग्लंडच्या मातीत निजली आहेत.

२६/ सीफर्ड सोडल्यावर बस कुकमियर नदीच्या खोऱ्यात उतरते. एक्सीटच्या पुलाजवळ उतरून पायी समुद्राकडे जावे. नागमोडी नदी आणि पुढे ‘सेव्हन सिस्टर्स’ हे पांढरेशुभ्र खडूचे कडे. सुमारे ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा हा खडक. लाटा तो दरसाल सरासरी ३० ते ४० सेंटिमीटर खातात, म्हणूनच तो असा ताजा पांढरा राहतो. कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्रे काढू नयेत, एवढे इतिहासाच्या धाग्यातही सांगणे भाग आहे.

२७/ या कड्यांवर घरे का झाली नाहीत? कारण पीसहेवनची धास्ती. १९२० च्या दशकात येथेही भूखंड पडण्याची चिन्हे दिसताच ईस्टबर्नच्या नगरपालिकेने बीची हेड परिसरातली सुमारे ४ हजार एकर जमीन विकत घेऊन ती कायमची मोकळी ठेवण्याचे ठरवले. २०१० पासून हा सारा भाग साऊथ डाऊन्स राष्ट्रीय उद्यानात आहे. येथे दोन न्याय्य मागण्या समोरासमोर उभ्या राहतात: गरिबाला समुद्राकाठी घर हवे, आणि सर्वांना मोकळा किनारा हवा. पीसहेवनने पहिली निवड केली, ईस्टबर्नने दुसरी. कोणाचे पूर्ण बरोबर, हे बसमधून उतरेपर्यंत ठरत नाही.

२८/ शेवटचा थांबा, ईस्टबर्न. हे गाव डेव्हनशायरच्या सातव्या ड्यूकने आखून वसवले. त्याच्या घराण्याच्या अटींमुळे समुद्रासमोरच्या रस्त्यावर दुकाने आली नाहीत. आजही तो रस्ता हॉटेलांचा आणि फुलबागांचा आहे. सभ्य लोकांसाठी सभ्य गाव, ही कल्पना. गंमत अशी की या सभ्य गावाचा एक निस्सीम चाहता होता फ्रीडरिश एंगल्स. कामगारांच्या हलाखीवर पुस्तक लिहिणारा हा माणूस सुट्टीला येथे येत असे. १८९५ साली त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा बीची हेडसमोरच्या समुद्रात सोडली गेली.

२९/ आणि याच नेटक्या गावाने आपल्या प्रवासाला साजेसा एक विक्रम केला. १२ एप्रिल १९०३ रोजी ईस्टबर्नच्या नगरपालिकेने रेल्वे स्थानकापासून मीड्स वस्तीपर्यंत स्वतःची मोटारबस सुरू केली. जगातली ही पहिली नगरपालिका मोटारबस सेवा. पुढे १९१५ साली साऊथडाऊन कंपनी निघाली. तिच्या हिरव्या-दुधी बस ससेक्सच्या कानाकोपऱ्यांत पोहोचल्या, ब्रायटन-ईस्टबर्न मार्गावर १२ क्रमांक तिच्याही काळी होता. जेथे रेल्वे नव्हती, तेथे बसने किनारा लोकांच्या हाती दिला.

३०/ १९५० नंतर विमानाने स्पेनच्या उन्हात नेणाऱ्या स्वस्त सहली आल्या आणि इंग्रज माणूस आपल्या गार समुद्राकडे पाठ फिरवू लागला. अनेक किनारी गावांची रया गेली. हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या पडल्या, पिअर गंजले. तरी बस थांबली नाही. २००८ पासून इंग्लंडमधले वृद्ध आणि अपंग नागरिक देशभर स्थानिक बसने बिनगर्दीच्या वेळी विनामूल्य प्रवास करू शकतात. २०२३ साली सरकारने बहुतेक एकेरी बसभाड्यांवर २ पौंडांची मर्यादा घातली. २०२५ पासून ती ३ पौंड झाली.

३१/ म्हणजे डॉक्टर रसेलच्या श्रीमंत रोग्यांपासून निघालेली वाट ३ पौंडांच्या तिकिटापर्यंत आली. यांतले काहीही आपोआप घडले नाही. रूळ टाकावे लागले, कायदे करावे लागले, महाल विकत घ्यावा लागला, तलाव वाचवावा लागला. आणि ५३ नावे दगडावर यायला ८९ वर्षे लागली. किनारा ‘सर्वांचा’ होण्याचे काम असे किती तरी हातांनी, किती तरी उशिरा झाले आहे.

३२/ ब्रायटनच्या बसगाड्यांच्या पुढच्या बाजूवर एक नाव रंगवलेले असते. शहराशी नाते असलेल्या दिवंगत व्यक्तींची नावे बसला देण्याची तेथे रीत आहे. संध्याकाळी परतीच्या बसची वाट पाहताना येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कपाळावरचे नाव वाचावे आणि हा माणूस कोण, हे शोधावे. इतिहासाचा अभ्यास असाही सुरू होतो. परतताना समुद्र डाव्या हाताला असेल, जागा त्या बाजूची धरा.

पुढच्या धाग्यात भेटू. तुमच्या गावाजवळचा किनारा कोणी, कधी आणि कोणासाठी खुला केला, हे ठाऊक असेल तर जरूर लिहा.